हस्तनिर्मित पत्त्यांतील समतोलाचा प्रश्न : 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाच्या रचनेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पत्त्यांचा खेळ म्हटले की मराठी वाचकासमोर बावन्न पानांचा कॅट उभा राहतो. मेंढीकोट असो, बदाम सात असो की ब्रिज, सर्व खेळाडू एकाच कॅटमधून पाने उचलतात. हुकमाची पाने कोणाच्या हाती जातील हे पिसण्यावर आणि वाटण्यावर अवलंबून असते. कॅट मात्र कोणाचाही पक्षपाती नसतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा रंगांची प्रत्येकी बारा अशी १२० पाने असतात. तेथे निम्म्या रंगांत आकडी पानांपैकी दश्शी श्रेष्ठ, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक्का श्रेष्ठ मानला जातो. अशा खेळांत समतोल हा पानांच्या मांडणीतच असतो. त्यासाठी कोणाला वेगळा हिशेब मांडावा लागत नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाने ही व्यवस्था मोडली. या खेळात प्रत्येक खेळाडू आपला स्वतंत्र पत्तासंच, म्हणजे डेक, घरूनच घेऊन येतो. पत्ते बंद पाकिटांतून विकत मिळतात, त्यांची अदलाबदल होते, आणि जमलेल्या पत्त्यांतून कोणते निवडायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. ट्रेडिंग कार्ड गेम, म्हणजे संग्राह्य पत्त्यांचा खेळ, हा प्रकार येथूनच रूढ झाला. दोन खेळाडूंची पाने मुळातच वेगळी असतील, तर जिंकणारा बुद्धीने जिंकला की अधिक पाकिटे विकत घेता आली म्हणून जिंकला, हा प्रश्न अटळ ठरतो. पत्त्यांचा समतोल हा त्यामुळे केवळ तांत्रिक विषय राहत नाही.

या खेळाचे पहिले पत्ते घरीच बनवलेले होते. ओळखीच्या मंडळींत ते बऱ्यापैकी समतोल वाटले; छापून बाजारात जाताच तो समतोल ढासळला. असे का घडले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. समतोल हा एकेका पत्त्याचा गुणधर्म आहे अशी समजूत घरगुती पत्ते रचणाऱ्यांत आजही आढळते. 'मॅजिक'चा इतिहास मात्र वेगळे सांगतो. पत्ता, बाकीचा डेक, खेळाचे नियम आणि खेळणारा समूह या चौघांच्या संबंधात तो समतोल असतो, आणि यांतील एक जरी बदलला तरी जुना हिशेब चुकतो.

फिलाडेल्फियातील हस्तनिर्मित पत्ते

रिचर्ड गारफिल्ड (जन्म १९६३) हे फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणिताचे संशोधक विद्यार्थी होते. क्रमचय-संचयाशी निगडित शाखेत त्यांना १९९३ मध्ये पीएच.डी. मिळाली आणि पुढे काही काळ त्यांनी वॉशिंग्टन राज्यातील व्हिटमन महाविद्यालयात अध्यापन केले. १९९१ मध्ये त्यांनी 'रोबोरॅली' हा पटावरचा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या नवख्या कंपनीचे प्रमुख पीटर ॲडकिसन यांना दाखवला. पट, सोंगट्या आणि खोकी यांचा खर्च कंपनीला पेलणारा नव्हता. खेळप्रेमींच्या मेळाव्यांत दोन कार्यक्रमांच्या मध्ये खेळता येईल असा सुटसुटीत, खिशात मावणारा खेळ ॲडकिसन यांना हवा होता. त्यातून 'मॅजिक'ची कल्पना जन्मली. प्रत्येक खेळाडूकडे सारखेच साहित्य असले पाहिजे ही अट काढून टाकणे हे तिचे मर्म होते.

चाचणीसाठी तयार केलेला पहिला संच १२० पत्त्यांचा होता. हे पत्ते दोन खेळाडूंत सरसकट वाटून घ्यायचे आणि खेळायचे, अशी पद्धत होती. दशावतारी गंजिफेच्या पानांशी जुळणारा हा आकडा निव्वळ योगायोग होय. पहिले डाव गारफिल्ड आणि त्यांचे मित्र बॅरी राइश यांच्यात झाले. त्यानंतर विद्यापीठातील मित्रमंडळी चाचणीत सामील झाली. स्कॅफ इलायस, जिम लिन, ख्रिस पेज, डेव्ह पेटी ही त्यांतील काही नावे. बिल रोझ, जोएल मिक, चार्ली कॅटिनो यांचा आणखी एक गट होता. हौशी परीक्षकांच्या या गटांनीच पुढे 'आइस एज' (१९९५) आणि 'मिराज' (१९९६) हे छापील संच रचले, ही लक्षात घेण्याजोगी बाब आहे. चाचणी घेणे आणि रचना करणे या दोन कामांत तेव्हा भिंत नव्हती.

हस्तनिर्मित पत्त्याचा मोठा गुण म्हणजे तो कधीही बदलता येतो. आकडा जड झाला तर खोडायचा, मजकूर संदिग्ध वाटला तर नवा लिहायचा. 'टाइम वॉक' या पत्त्याची कथा या संदर्भात गारफिल्ड यांनी स्वतःच सांगितली आहे. हा पत्ता खेळणाऱ्याला लागोपाठ दुसरी पाळी मिळावी, असा मूळ हेतू होता. चाचणीच्या पत्त्यावर मात्र प्रतिस्पर्धी पुढची पाळी 'गमावतो' अशा अर्थाचे वाक्य लिहिलेले होते. इंग्रजीत 'गमावणे' आणि 'हरणे' यांना एकच क्रियापद असल्याने एका खेळाडूने त्याचा अर्थ प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीत हरतो असा लावला, आणि आपल्याकडे हमखास जिंकून देणारा पत्ता असल्याचे तो सांगू लागला. घरगुती पत्ता असमतोल होण्याचे कारण नेहमी आकड्यांतच असते असे नाही. पुष्कळदा ते वाक्यरचनेत दडलेले असते. रचनाकाराला स्वतःचा हेतू ठाऊक असल्याने ही चूक त्याला दिसत नाही, ती दुसऱ्याच्या डोळ्यांनाच दिसते.

किंमत आणि परिणाम

समतोलाचा विचार समजण्यासाठी खेळाची घडण थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. प्रत्येक खेळाडूचे २० जीवनगुण असतात आणि प्रतिस्पर्ध्याचे ते गुण शून्यावर आणायचे असतात. पत्ता खेळण्यासाठी 'मॅना' नावाची शक्ती खर्च करावी लागते. ही शक्ती भूमीच्या पत्त्यांतून मिळते आणि एका पाळीत एकच भूमी मांडता येते. साहजिकच पहिल्या पाळीत एक, दुसऱ्या पाळीत दोन अशी शक्ती वाढत जाते. पाळीला एक भूमी हा नियम म्हणजे या खेळाचे घड्याळच होय. पत्त्याच्या कोपऱ्यात छापलेली मॅनाची किंमत वस्तुतः तो पत्ता कितव्या पाळीत येऊ शकेल हे सांगते. शक्तीचे पाच रंग आहेत : पांढरा, निळा, काळा, लाल आणि हिरवा. प्रत्येक रंगाची बलस्थाने आणि उणिवा ठरलेल्या आहेत.

प्राण्यांच्या पत्त्यांबाबत हा हिशेब बऱ्यापैकी सरळ होता. हिरव्या रंगातील 'ग्रिझली बेअर्स' हे अस्वल दोन मॅनात दोनचा आघात करते आणि दोनचा आघात झाल्यास मरते. लाल रंगातील 'ग्रे ओग्र' त्याच ताकदीचा असूनही त्याला तीन मॅना पडतात, कारण प्राण्यांचे बळ हा हिरव्या रंगाचा विशेष मानला गेला. घरी नवा पत्ता रचणारा अभ्यासू खेळाडू आजही प्रथम असाच एखादा साधा प्राणी मोजपट्टीसारखा समोर ठेवतो आणि आपल्या पत्त्याला त्याहून किती अधिक मिळते आहे हे तपासतो.

खरी अडचण मंत्रांच्या पत्त्यांत होती. पहिल्या संचात पाच रंगांचे पाच मंत्र एका साच्यात रचलेले आढळतात. प्रत्येकाची किंमत आपापल्या रंगाचा एक मॅना आणि प्रत्येकाचा परिणाम तीन. पांढरा 'हीलिंग साल्व्ह' तीन जीवनगुण देतो किंवा तीन गुणांचा आघात टाळतो. निळा 'ॲन्सेस्ट्रल रिकॉल' तीन पत्ते उचलू देतो. काळा 'डार्क रिच्युअल' तीन मॅना देतो. लाल 'लाइटनिंग बोल्ट' तीनचा आघात करतो. हिरवा 'जायंट ग्रोथ' एखाद्या प्राण्याचे आघातबळ आणि सहनशक्ती त्या पाळीपुरती प्रत्येकी तीनने वाढवतो.

कागदावर ही रचना देखणी आहे. एक द्या आणि तीन घ्या, पाचही रंगांना सारखेच. प्रत्यक्षात या पाच पत्त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. तीन जीवनगुणांनी पराभव थोडा पुढे ढकलला जातो. तीन नव्या पत्त्यांनी संपूर्ण डावच पालटतो. एका पत्त्याच्या बदल्यात तीन पत्ते हाती आले की पुढील प्रत्येक पाळीत निवडीला वाव मिळतो, आणि ते तीन पत्ते कोणते हे तर खेळाडूनेच डेक बांधताना ठरवलेले असते. 'तीन' हा आकडा समान असला तरी त्यामागील एकक समान नव्हते. रचनाकारांना याची कल्पना नव्हती असेही म्हणता येत नाही. पाचांपैकी चार पत्ते सर्वसाधारण म्हणून छापले गेले आणि एकटा 'ॲन्सेस्ट्रल रिकॉल' दुर्मिळ गटात ठेवला गेला. दोष ओळखला होता; त्यावर योजलेला उपाय मात्र फसवा निघाला.

पूर्णांकांची मर्यादा हीही एक अडचण होती. मॅनाला दीड ही किंमत लावता येत नाही. 'लाइटनिंग बोल्ट' एका मॅनात थोडा स्वस्त वाटला, तरी दोन मॅनात तो महाग ठरला असता. १९९८ मध्ये आलेल्या 'शॉक' या पत्त्याने किंमत एकच ठेवून आघात तीनवरून दोनवर आणला. किंमत हलवता येत नसेल तर परिणाम हलवायचा, ही युक्ती पुढे रचनाकारांच्या नित्याच्या वापरात आली.

छपाईतील चुकांनीही या पहिल्या आवृत्तीत समतोलाचे काही धडे दिले. १९९३ च्या ऑगस्टमधील 'आल्फा' आवृत्तीत २९५ प्रकारचे पत्ते होते. एकेका रंगापासून संरक्षण देणारे पाच पत्ते योजलेले असताना काळ्या रंगापासून संरक्षण देणारा पत्ता छपाईतच गळला, त्यामुळे काळ्या रंगाला नकळत झुकते माप मिळाले. 'ऑर्किश ओरिफ्लेम' या लाल पत्त्याची किंमत चारऐवजी दोन मॅना छापली गेली. हस्तलिखितात पेन्सिलीने सुधारता आली असती अशी ही चूक. छापील पत्त्यासाठी पुढील आवृत्तीची वाट पाहावी लागली.

दुर्मिळतेचा हिशेब

पंधरा पत्त्यांच्या पाकिटात एक दुर्मिळ, तीन मध्यम आणि अकरा सर्वसाधारण पत्ते घालण्याची पद्धत होती. एखादे कुटुंब किंवा मित्रमंडळ पटावरच्या खेळावर जेवढे खर्च करते तेवढेच या खेळावर करील, असे सुरुवातीस गृहीत धरले होते. तसे झाले असते तर आठ-दहा जणांच्या गटात 'ब्लॅक लोटस'सारखा पत्ता एखाद्याकडेच आला असता. तो कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक असते. त्या खेळाडूविरुद्ध बाकीचे सावध राहिले असते आणि शक्तिशाली पत्ता ही त्या गटाची एक दंतकथा बनली असती. फिलाडेल्फियातील चाचणी अशाच वर्तुळांत झाली होती. तेथे दुर्मिळता खरोखरच समतोल राखत होती.

याच विचाराचा दुसरा भाग म्हणजे पणाचा नियम. मूळ नियमपुस्तिकेनुसार प्रत्येक डावापूर्वी दोन्ही खेळाडूंनी आपल्या डेकमधील एकेक पत्ता पणाला लावायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही घ्यायचे. मौल्यवान पत्ते बाळगणाऱ्याला ते गमावण्याचा धोका पत्करावा लागेल आणि पत्ते फिरते राहतील, अशी त्यामागे योजना होती. पण हस्तनिर्मित पत्ता हरणे वेगळे आणि पैसे मोजून विकत घेतलेला पत्ता हरणे वेगळे. खेळाडूंना हा नियम रुचला नाही, शिवाय जुगाराशी असलेले त्याचे साम्यही अडचणीचे होते. पणाशी संबंधित पत्त्यांना स्पर्धांत बंदी आली आणि १९९५ नंतर तसे नवे पत्ते निघाले नाहीत. समतोलाचा एक खांब अशा रीतीने लोकांच्या नापसंतीनेच पडला.

दुसरा खांब विक्रीने पाडला. 'आल्फा'चे सुमारे २६ लाख पत्ते छापले होते, म्हणजे प्रत्येक दुर्मिळ पत्त्याच्या सुमारे ११०० प्रती. ते पाहता पाहता संपले आणि त्याच वर्षी आणखी दोन आवृत्त्या काढाव्या लागल्या. खेळाडू एका पाकिटावर थांबले नाहीत. त्यांनी खोकीच्या खोकी घेतली, अनोळखी लोकांशी अदलाबदल केली आणि दुकानांतून सुटे पत्ते विकत घेतले. सुरुवातीच्या नियमांत एकाच पत्त्याच्या किती प्रती डेकमध्ये असाव्यात यावर बंधन नव्हते आणि डेक चाळीस पत्त्यांचाही चालत असे. 'ब्लॅक लोटस'ची किंमत शून्य असून त्यातून एकदा तीन मॅना मिळतात; पाच रंगांचे पाच 'मॉक्स' शून्य किमतीत प्रत्येक पाळीला एकेक मॅना देतात. पाळीला एक भूमी हे खेळाचे घड्याळ या पत्त्यांपुढे निरर्थक ठरते. 'लोटस', पाच 'मॉक्स', 'ॲन्सेस्ट्रल रिकॉल', 'टाइम वॉक' आणि 'टाइमट्विस्टर' हे नऊ पत्ते खेळाडूंमध्ये 'पॉवर नाइन' या नावाने प्रसिद्ध झाले. ज्याच्याकडे ते अनेक प्रतींत होते त्याच्यासमोर नुकतेच पहिले पाकीट फोडलेल्या विद्यार्थ्याचे काही चालणे शक्य नव्हते.

येथे गारफिल्ड यांच्या गणिती दृष्टीवर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. त्यांचा हिशेब ज्या समूहासाठी होता त्या समूहापुरता तो बरोबर होता. बदलला तो समूह.

नियमांनी केलेली दुरुस्ती

छापलेला पत्ता परत बोलावता येत नाही. राहिला एकच मार्ग, नियम बदलण्याचा. जानेवारी १९९४ मध्ये स्पर्धांसाठी बंदी घातलेल्या आणि मर्यादित केलेल्या पत्त्यांची पहिली यादी जाहीर झाली. मर्यादित पत्त्याची डेकमध्ये एकच प्रत ठेवता येई; 'पॉवर नाइन' या यादीत आले. इतर पत्त्यांच्या चारपेक्षा अधिक प्रती नकोत आणि डेक किमान साठ पत्त्यांचा असावा, असेही ठरले. हे दोन नियम इतके सोपे आहेत की त्यांचे महत्त्व सहज लक्षात येत नाही. साठात चार प्रती म्हणजे तो पत्ता पहिल्या सात पानांत येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के. साठात एक प्रत म्हणजे १२ टक्क्यांच्या आत. पत्त्यावरचा आकडा न बदलता त्याचा प्रभाव बदलण्याचे साधन यातून हाती आले. घरगुती पत्ते रचणाऱ्यांनी हे साधन फारसे वापरलेले दिसत नाही. ते पत्त्याच्या किमतीतच सारे उत्तर शोधत बसतात.

१९९५ मध्ये फक्त अलीकडच्या संचांतील पत्त्यांना परवानगी देणारा स्पर्धाप्रकार सुरू झाला. पुढे त्याला 'स्टँडर्ड' हे नाव मिळाले. जुने पत्ते आपोआप बाहेर पडत गेल्याने काळ हाही समतोलाचा घटक बनला. कंपनीला सतत नवे पत्ते विकता यावेत हा हेतूही त्यात होताच, आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

याच वर्षी 'होमलँड्स' नावाचा संच आला. त्यात धोकादायक असे जवळपास काहीच नव्हते, आणि खेळाडूंनी त्याकडे पाठ फिरवली. फेब्रुवारी १९९६ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेल्या पहिल्या व्यावसायिक स्पर्धेत प्रत्येक मान्य संचातील किमान पाच पत्ते डेकमध्ये असलेच पाहिजेत असा नियम केला गेला. तेव्हा कुठे 'होमलँड्स'चे पत्ते मेजावर दिसले. कोणत्याही पत्त्याने कोणावर अन्याय केला नाही म्हणजे तो संच समतोल झाला असे मानल्यास 'होमलँड्स' आदर्श ठरावा. खेळाडूंचे मत नेमके उलट होते आणि ते योग्यच होते.

१९९८ आणि त्यानंतर

ऑक्टोबर १९९८ मध्ये 'अर्झाज सागा' प्रसिद्ध झाला तोवर रचना आणि चाचणी यांसाठी कंपनीत स्वतंत्र विभाग होता. तरीही या संचाने सुरुवातीच्या दिवसांची आठवण करून दिली. 'टोलेरियन ॲकॅडमी' ही भूमी खेळाडूने मांडलेल्या जादुई वस्तूंच्या संख्येइतका मॅना देत असे. त्याच संचात खर्च झालेल्या भूमी पुन्हा वापरायोग्य करणारे मंत्रही होते. त्यांची किंमत भूमींच्या रूपाने परत मिळे, म्हणून ते जणू फुकट पडत. दोन्ही कल्पना स्वतंत्रपणे तपासल्या असत्या तर सांभाळता येण्याजोग्या वाटल्या असत्या. साधी भूमी परत मिळणे म्हणजे एक मॅना परत मिळणे. 'ॲकॅडमी' परत मिळणे म्हणजे पाच-सात मॅना नव्याने मिळणे. पहिल्या काही पाळ्यांतच डाव संपू लागले. १ जानेवारी १९९९ पासून 'ॲकॅडमी'वर स्टँडर्डमध्ये बंदी आली. पाठोपाठच्या संचातील 'मेमरी जार' या पत्त्यावर तर तो बाजारात आल्यानंतर काही आठवड्यांतच तातडीने बंदी घालावी लागली.

पाच वर्षांनी हाच प्रसंग वेगळ्या रूपात घडला. ऑक्टोबर २००३ च्या 'मिरोडिन' संचात मांडलेल्या प्रत्येक वस्तूमागे एक मॅना स्वस्त होणारे पत्ते होते, आणि ज्या स्वतः वस्तूही आहेत अशा भूमीही होत्या. अशी भूमी मांडली की मॅना मिळतो आणि पुढचा पत्ताही स्वस्त होतो. घड्याळ दुप्पट वेगाने धावते. मार्च २००५ मध्ये अशा सहा भूमी धरून एकूण आठ पत्त्यांवर एकाच वेळी बंदी आली.

त्याआधी, जून २००४ मध्ये, 'स्कलक्लॅम्प' या पत्त्यावर बंदी आली होती. घरगुती पत्ते रचणाऱ्यांच्या दृष्टीने या सर्वांत हे उदाहरण अधिक बोलके आहे. हे एक आयुध होते. ते धारण करणाऱ्या प्राण्याचे आघातबळ एकने वाढे, सहनशक्ती एकने घटे, आणि तो प्राणी मेल्यास खेळाडूला दोन पत्ते मिळत. सहनशक्तीतील घट हा बदल विकासाच्या अखेरच्या टप्प्यात केला गेला आणि त्यानंतर त्याची पुरेशी चाचणी झाली नाही. वरवर पाहता उणे एक म्हणजे दोषच. पण सहनशक्ती एक असलेला कोणताही क्षुल्लक प्राणी आयुध चढवताच मरतो. म्हणजे एका मॅनात दोन पत्ते, आणि आयुध पुन्हा वापरायला मोकळे! दोष म्हणून घातलेला आकडा यंत्राचा खटका बनला. 'ॲन्सेस्ट्रल रिकॉल'च्या वेळी पत्ते उचलण्याचे मोल कळले होते; अकरा वर्षांनंतर तेच मोल उण्याच्या चिन्हामागे लपून आत शिरले.

खेळाडूंनी रचलेले पत्ते

पत्त्याची कल्पना खेळाडूंकडून यावी, ही परंपरा कंपनीने पूर्णपणे सोडली नाही. १९९७ पासून निवडक नामवंत खेळाडूंची एक निमंत्रितांची स्पर्धा भरवली जात असे. तिच्या विजेत्याला स्वतःचा पत्ता सुचवण्याचा मान मिळे आणि त्यावर त्याचेच चित्र छापले जाई. ख्रिस पिकुला यांचा 'मेडलिंग मेज' (२००१), जॉन फिंकेल यांचा 'शॅडोमेज इन्फिल्ट्रेटर' (२००१), बॉब मार यांचा 'डार्क कॉन्फिडंट' (२००५) हे असे पत्ते होत. सुचवलेला पत्ता जसाच्या तसा छापला जात नसे. विभाग त्यात फेरफार करी. याखेरीज सार्वजनिक मतदानातूनही काही पत्ते घडवले गेले. २००३ चा 'फरगॉटन एन्शंट' हा त्यांतील पहिला आणि २००४ चा 'क्रूसिबल ऑफ वर्ल्ड्स' हा दुसरा.

यांपैकी 'डार्क कॉन्फिडंट' विशेष विचार करण्याजोगा आहे. हा दोन मॅनाचा दुबळा प्राणी प्रत्येक पाळीला एक जादा पत्ता देतो, आणि त्या पत्त्याची जी मॅनाकिंमत असेल तेवढे जीवनगुण खेळाडूकडून कापून घेतो. डेकमध्ये स्वस्त पत्ते भरले तर हानी थोडी, महाग भरले तर जीवघेणी. पत्त्याची खरी किंमत येथे कोपऱ्यात छापलेलीच नाही. ती खेळाडू स्वतः डेक बांधताना ठरवतो. पत्ते उचलण्याचे मोल काय, या 'ॲन्सेस्ट्रल रिकॉल'पासून चालत आलेल्या प्रश्नाला मिळालेले हे बहुधा सर्वांत समाधानकारक उत्तर असावे.

तथापि जुन्या चुका संपल्या असे म्हणता येत नाही. जून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॉडर्न होरायझन्स ३' या संचातील 'नाडू, विंग्ड विज्डम' हा पक्षी आपल्या प्राण्यांवर कोणताही परिणाम रोखला गेला की पत्ता किंवा भूमी देतो. एका प्राण्यामागे पाळीला दोनदा, अशी त्याला मर्यादा आहे. फुकट, म्हणजे शून्य मॅनात, एका प्राण्यावरून दुसऱ्यावर चढवता येणारे एक जुने आयुध त्याला जोडताच तो जवळजवळ अखंड चालू लागला आणि त्याच्याच बळावर त्या संचाची व्यावसायिक स्पर्धा जिंकली गेली. २६ ऑगस्ट २०२४ रोजी 'मॉडर्न' या स्पर्धाप्रकारात त्याच्यावर बंदी आली. पत्त्याचा मजकूर अखेरच्या क्षणी बदलला गेला आणि बदललेल्या रूपात त्याची चाचणी झालीच नाही, अशी कबुली रचनाकार मायकेल मेजर्स यांनी जाहीरपणे दिली. 'लोटस'मधील शून्य आणि 'स्कलक्लॅम्प'मधील घाईची शेवटची दुरुस्ती, दोन्ही येथे एकत्र आलेली दिसतात.

घरी बसून जाड कागदावर पत्ते रचणाऱ्याकडे कंपनीसारखा चाचणी विभाग नसतो. त्याच्याकडे चार-सहा मित्र, एक पेन्सिल आणि खोडरबर असते. 'नाडू'सारखा पत्ता त्याच्या हातून घडला, तर तिसऱ्या डावानंतर कोणीतरी तक्रार करतो, मजकुरात 'पाळीला एकदाच' असे दोन शब्द भरले जातात, आणि चौथा डाव त्याच बैठकीत सुरू होतो.